प्रदेश कसा घडतो : सोलापूर आणि त्याची भवानी पेठ

प्रदेश ओळखण्याच्या तीन रीती भूगोलात मानल्या जातात. जमीन, पाऊस आणि पीक यांतला सारखेपणा पाहून आखलेला तो एकरूप प्रदेश. एखाद्या शहराच्या बाजाराशी, रेल्वेशी, कचेऱ्यांशी बांधला गेलेला तो कार्यात्मक प्रदेश. आणि तिथली माणसे स्वतःच 'आम्ही इथले' म्हणून जो सांगतात, तो जाणिवेचा प्रदेश. तिन्हींच्या सीमा क्वचितच एकमेकींवर बसतात. सोलापुरात तर त्या तीन दिशांना पांगलेल्या दिसतात. माती आणि पाऊस पाहिला तर हा मुलूख मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकाच्या कोरड्या पठाराचा आहे. सरकारी विभागणीत तो पुणे महसूल विभागात, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात येतो. आणि जुन्या पेठांतल्या घराघरांत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलली जाते.

फिनलंडचे भूगोलतज्ज्ञ अन्सी पासी यांनी 1986 मध्ये प्रदेश घडण्याची चार अंगे मांडली. हद्द ठरते, नाव आणि प्रतीके रुजतात, संस्था उभ्या राहतात आणि अखेरीस आतल्यांनी व बाहेरच्यांनी त्या प्रदेशाला एक म्हणून मान्यता दिलेली असते. ही अंगे ठरलेल्या क्रमानेच यावीत असे नाही, हेही त्यांनी नोंदवले आहे. सोलापूरच्या बाबतीत हा क्रम जवळजवळ उलटा आहे. माणसे आधी जमली, ती कामासाठी आणि वाटांच्या ओढीने. प्रतीके त्यांच्याबरोबर आली. हद्द सर्वांत शेवटी पडली आणि तिच्याविषयीचा वाद आजही संपलेला नाही. केवळ भाषेवरून किंवा नकाशावरच्या रेषेवरून सोलापूरची ओळख सांगू पाहणारे म्हणूनच अडखळतात.

पाऊस, माती आणि ज्वारी

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरही नसलेल्या सोलापूर जिल्ह्याची सरासरी साडेपाचशेच्या आसपास आहे. नैऋत्येकडून येणारे ढग डोंगरावर रिते होतात आणि पूर्वेचे पठार पर्जन्यछायेत राहते. इथला भरवशाचा पाऊस आषाढातला नव्हे, तर भाद्रपद-आश्विनातला, परतीचा. शेतीचे वर्षही त्यामुळे वेगळे चालते. कोकणात आणि मावळात भातलावणी उरकत आलेली असते, तेव्हा इथला शेतकरी रान तयार ठेवून वाट पाहत असतो.

भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या खोऱ्यांतली खोल काळी माती परतीचा पाऊस पोटात साठवते आणि त्या ओलीवर रब्बी ज्वारी उभी राहते. पेरणीनंतर पाऊस झाला नाही, तरी ती तग धरते. मंगळवेढ्याचे रान यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड होऊन पुढे आलेला 'मालदांडी 35-1' हा वाण आजही दख्खनच्या रब्बी शेतीत मानाने घेतला जातो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, हुरडा आणि धपाटे हे पदार्थ या मातीतून आणि या पावसातून आले आहेत. अनेक दिवस टिकणारी कडक भाकरी ही कोरड्या हवेच्या, दूरच्या रानाच्या आणि प्रवासाच्या मुलखाची गरज होती.

पण हीच जमीन दगा द्यायची, तेव्हा पुरते देशोधडीला लावायची. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण आणि मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठारे भुकेलेल्यांसाठी उघडल्याची कथा या मुलखाने शतकानुशतके जपली. 1876 ते 78 चा दुष्काळ तर लिखित नोंदींचा आहे. पाणी साठवण्याची धडपड त्याआधीच सुरू झाली होती: सोलापूरच्या उत्तरेस, तुळजापूरच्या वाटेवर असलेला एकरूख तलाव, ज्याला लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात, तो 1871 मध्ये पुरा झाला. गेल्या शतकात 1980 मध्ये उजनी धरण झाले आणि भीमेच्या दोन्ही तीरांवर ऊस आला. ज्वारीच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांग लागली. एकरूप प्रदेश म्हणून जो सोलापूर पाठ्यपुस्तकांत शिकवला जात होता, त्याचे चित्र चार दशकांत इतके पालटले, की माळशिरसच्या बागायतीत उभ्या असलेल्या माणसाला सांगोल्याचा माळ त्याच जिल्ह्यातला वाटू नये. निसर्गाने दिलेली ओळखही कायमची नसते, याचा इतका जवळचा दाखला दुसरीकडे शोधायची गरज नाही.

चार दिशांच्या वाटा

जुन्या सोलापुरात तुळजापूर वेस आणि विजापूर वेस अशी वेशींची नावे आहेत. एक वेस मराठवाड्याकडे तोंड करून आहे, दुसरी कर्नाटकाकडे. शहराचा भुईकोट किल्ला बहमनी काळातला. त्यानंतर तो अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यातल्या भांडणाचे कारण बनला. दोन्ही घराण्यांच्या सोयरिकींत तो हुंड्यात कबूल केला जाई. 1564 च्या सुमारास चांदबिबीच्या विवाहात तो असाच आदिलशाहीकडे गेला. कोणत्याही एका राजधानीचे ते ठाणे पक्के झाले नाही. नगर, विजापूर, बीदर, गुलबर्गा या सगळ्यांना ते हवे होते, कारण ते सगळ्यांच्या कडेला होते.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि सोलापूर ब्रिटिशांकडे आले. 1838 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, 1852 मध्ये नगरपालिका. मग 1860 मध्ये मुंबईकडून आलेली रेल्वे सोलापूरला पोचली आणि 1871 पर्यंत रायचूरपाशी मद्रासच्या मार्गाला जोडली गेली. 1884 मध्ये होटगीहून गदगकडे मीटरगेज मार्ग निघाला. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि ती अरुंद गाडी पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली.

सोलापूरची पूर्व हद्द म्हणजे ब्रिटिश मुलखाचा काठ होता. पलीकडे निजामाचे राज्य. तुळजापूर, धाराशिव, लातूरचा कापूस आणि तेलंगणातले कसबी विणकर त्या बाजूला होते, तर रेल्वे, गिरणीचे भांडवल आणि मुंबईची बाजारपेठ या बाजूला. दोन्ही जिथे भेटतील, त्या जागी शहर वाढणे अटळ होते. हैदराबाद संस्थान 1948 पर्यंत टिकले. रझाकारांच्या काळात सीमेवरच्या गावांतली कुटुंबे सोलापुरात आश्रयाला आली आणि मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांच्या छावण्याही या पट्ट्यात होत्या. नकाशावरच्या काठाने शहराला माणसे पुरवली, तीही पुन्हा पुन्हा.

तीर्थांच्या वाटाही इथूनच जातात. पश्चिमेला पंढरपूर, उत्तरेला तुळजापूर, आग्नेयेला अक्कलकोट आणि त्यापुढे कर्नाटकात गाणगापूर. इरावती कर्वे यांनी वारीच्या वाटेवर चालताना, पंढरीला जाणाऱ्या माणसांवरून महाराष्ट्राची ओळख मांडली होती. सोलापूरला ती ओळख लावली तर ती अपुरी पडते, कारण इथून निघणारा वाटसरू एकाच देवाकडे जात नाही. कोजागिरीच्या सुमारास तुळजापूरला पायी जाणाऱ्यांचे लोंढे कर्नाटकातूनही सोलापूरमार्गेच येतात आणि रात्रभर त्या रस्त्यावर पाणी, फराळ, औषधे घेऊन लोक उभे असतात. या लोंढ्यात कोण मराठी, कोण कानडी, हे विचारण्याची कोणाला गरज पडत नाही.

माग

सोलापूरला सोलापूर केले ते मागाने. उत्तर पेशवाईतच इथे विणकरांच्या वस्त्या होत्या. तेलंगणातले पद्मशाली मोठ्या संख्येने आले. कन्नड बोलणारे कुरहीनशेट्टी आले, तोगटवीर आले. साळी, कोष्टी, मोमीन इथले होते किंवा जवळून आलेले होते. एका कुटुंबाचा माग बसला की गावाकडून भाऊबंद, मग मेहुणे, मग शेजारी, अशी साखळी लागे. गावाकडची सोयरीक तुटत नसे आणि आजही पुष्कळ घरांत सुना-जावई तेलंगणातले असतात.

1874 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन झाली. पुढे दुसऱ्या गिरण्या आल्या आणि ही 'जुनी गिरणी' ठरली. नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या गिरण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या दशकभरात शहराची घडी बदलली. गिरणीचा भोंगा हेच शहराचे घड्याळ झाले. दुष्काळात गाव सोडलेला शेतमजूर, मराठवाड्यातून आलेला महार-मांग, कर्नाटकातला लिंगायत आणि तेलंगणातला पद्मशाली एकाच पाळीत उभे राहिले. या इतिहासात एक कडू पान आहे आणि ते वगळून शहराची कथा सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. 1871 च्या कायद्याने 'गुन्हेगार' ठरवलेल्या भटक्या जमातींना ब्रिटिश सरकारने सोलापुरात तारेच्या कुंपणात वसवले आणि त्यांचे श्रम गिरण्यांना मिळाले. त्या जमाती 31 ऑगस्ट 1952 रोजी विमुक्त झाल्या. 'सेटलमेंट' हे वस्तीचे नाव मात्र राहिले.

गिरण्यांबरोबर घरमागही चालत राहिले. आधी खड्ड्यातला हातमाग, पाय खाली सोडून बसायचा, मग यंत्रमाग. कांड्या भरणे, ताणा लावणे, सुताला खळ देणे अशी कामे घरातल्या बायका, म्हातारी माणसे आणि मुले करीत. सोलापुरी चादर याच व्यवस्थेतून निघाली. जाड सुती कापड, जेकार्डवर विणलेली नक्षी आणि दोन्ही बाजूंना उलटसुलट रंगांत दिसणारी फुले, वेली, मोर हे तिचे वैशिष्ट्य. नक्षी छापलेली नसून विणलेली असल्यामुळे ती धुण्याने जात नाही. चादर आणि टर्किश टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले आणि महाराष्ट्रातून ते मिळवणाऱ्या पहिल्या वस्तूंमध्ये चादर होती.

मागाच्या सावलीत विडीचा धंदा वाढला. तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा आणि मोजून कारखान्यात पोचवायच्या, हे काम मुख्यतः तेलुगू भाषक स्त्रियांनी घराच्या उंबऱ्यावर बसून केले. गिरण्या बंद पडत गेल्या, जुनी गिरणी 1960 च्या दशकात आणि लक्ष्मी-विष्णू 1990 च्या दशकात, तेव्हा पुष्कळ घरांची चूल या बायकांच्या हातांवर पेटली. सोलापूरच्या ओळखीत चादरीचे नाव मोठे झाले आणि विडीचे झाले नाही. ही उणीव इतिहासकारांनी भरून काढायला हवी.

भवानी पेठ

सोलापूरच्या पेठांची नावे वाचली तरी शहर कसे वसले ते कळते. काही वारांची नावे, मंगळवार ते शनिवार. सिद्धेश्वर पेठ देवाच्या नावाने, मुरारजी पेठ गिरणीमालकाच्या नावाने आणि तेलंगी पाच्छा पेठ तिथे राहायला आलेल्यांच्या मुलखाच्या नावाने. भवानी पेठ जुन्या गावठाणाच्या उत्तर अंगाला, तुळजापूरच्या बाजूला आहे. रूपाभवानीचे मंदिर त्याच रस्त्यावर आहे आणि नवरात्रात पहाटेपासून तिथे रांगा लागतात. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती अशा वस्त्या पेठेच्या पोटात आहेत, जोडभावी पेठ शेजारी.

प्रदेशाची जाणीव मोठ्या नकाशावर तयार होत नाही, ती अशा गल्लीबोळांत होते. एका बाजूला चादर-टॉवेलचे कारखाने, मागच्या खोलीत माग आणि पुढच्या खोलीत संसार. शेजारी कानडी बोलणारे लिंगायत घर, पलीकडे मराठा किंवा धनगर, कोपऱ्यावर मुसलमानाचे दुकान. घरात तेलुगू, शेजारणीशी कानडी, दुकानात हिंदी आणि शाळेत मराठी बोलणारे मूल इथे नवलाचे नाही. चार भाषा येणे ही इथे विद्वत्ता मानली जात नाही, तो रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. या देवघेवीतून मराठीची एक बोली तयार झाली. 'काय करलालास?' 'येलालो की' ही रूपे पुण्याच्या मराठीत नाहीत. पूर्वेकडच्या मराठवाडी बोलीशी त्यांचे नाते आहे आणि सुरावर कानडीची छाया आहे. शाळेत ती चुकीची म्हणून सुधारली जाते, घरी आणि मैदानात ती टिकते. सोलापूरचा माणूस परगावी ओळखू येतो तो याच क्रियापदांवरून.

अठराव्या शतकात याच शहरात शाहीर राम जोशी (1762–1812) होऊन गेले. त्यांनी एकाच लावणीत अनेक भाषा गुंफण्याचे प्रयोग केले. ऐकणारा श्रोता तसा असल्याशिवाय शाहीर असले धाडस करीत नाही.

पंचांगही असेच मिसळले. नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव शहरभर निघतो. नवरात्रात तेलुगू स्त्रिया फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती फेर धरतात आणि त्याच दिवसांत रूपाभवानीला ओट्या भरल्या जातात. पेठेतल्या पुष्कळ घरांत दोन्ही होते.

सिद्धेश्वर आणि 1930

प्रतीकांत पहिले स्थान सिद्धेश्वरांचे. बाराव्या शतकातील हे शिवशरण बसवेश्वरांचे समकालीन, कन्नड वचनकार. त्या वेळच्या सोन्नलिगे गावी त्यांनी श्रमदानाने तलाव खोदवला आणि पंचक्रोशीत 68 लिंगे स्थापिली. दुष्काळी मुलखातल्या गावाचा मूळ पुरुष तलाव बांधणारा असावा, हे भूगोलाला धरूनच आहे. मकरसंक्रांतीच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज खांद्यावर तोलून या 68 लिंगांची परिक्रमा होते, त्यानंतर संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा आणि मग होम. ध्वजांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे. परिक्रमेचा मार्ग म्हणजे दरवर्षी पायांनी आखून घेतलेली शहराची हद्द. कोणत्याही सरकारी मोजणीच्या कितीतरी आधीची ही मोजणी आहे.

दुसरे प्रतीक वासाहतिक काळातले. 6 एप्रिल 1930 रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर उसळले, गोळीबार झाला, काही दिवस ब्रिटिश सत्ता जणू नाहीशीच झाली आणि त्यानंतर लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. ही नावे एका ओळीत वाचली की पेठांचे शहर समोर उभे राहते. लिंगायत, मुसलमान, मराठा आणि मारवाडी. एका जातीचे किंवा एका भाषेचे बलिदान म्हणून ते कोणाला मिरवता येत नाही आणि म्हणूनच ते सर्व शहराचे झाले.

हद्दी

1956 च्या राज्य पुनर्रचनेने आणि 1 मे 1960 च्या महाराष्ट्र स्थापनेने सोलापूर मराठी राज्यात निश्चित झाले. अक्कलकोट संस्थान 1948 मध्येच जिल्ह्यात विलीन झाले होते. तरी सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालात अक्कलकोट तालुका आणि दक्षिण सोलापूरचा काही भाग कर्नाटकाला द्यावा, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. भाषेची टक्केवारी हा एकच निकष धरला की असे होते. अक्कलकोटचा कानडी भाषक शेतकरी कांदा घेऊन सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत येतो, दवाखान्यासाठी सोलापुरात येतो, त्याची मुले इथल्या महाविद्यालयांत शिकतात आणि लग्नाचा बस्ता इथेच बांधला जातो. त्याचा कार्यात्मक प्रदेश सोलापूर आहे. मात्र या ओढीला गृहीत धरणे धोक्याचे असते. 2022 च्या अखेरीस सीमेवरच्या काही ग्रामपंचायतींनी पाणी आणि रस्ते मिळत नाहीत म्हणून कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा त्यामागे कन्नड अस्मितेपेक्षा कोरडे नळ अधिक होते.

संस्थांनी हा प्रदेश घट्ट केला. 1964 मध्ये महानगरपालिका झाली. मध्य रेल्वेचा सोलापूर विभाग आहे, इथूनच निघणारी दैनिके आहेत. 2004 मध्ये सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. तोवर इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. केवळ एका जिल्ह्यासाठी विद्यापीठ ही राज्यात अपवादात्मक बाब होती. 2019 मध्ये त्याला अहिल्यादेवी होळकरांचे नाव दिले गेले आणि त्या नामांतरावर शहरात तीव्र मतभेदही झाले. एक मोठा वर्ग सिद्धेश्वरांच्या नावाचा आग्रह धरून होता. प्रतीके निवडताना प्रदेशातले गट आपापले बळ अजमावतात, हा पासींच्या मांडणीतला मुद्दा इथे उघड दिसला.

पेठेबाहेर

गेल्या काही दशकांत पेठ पसरली आहे. यंत्रमाग अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत गेले. विडी कामगारांसाठी कुंभारीजवळ आधी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत झाली आणि पुढे रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या 15,000 घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. शहराच्या कडेला, माळरानावर, पेठेतली शेजारपणे नव्याने मांडली जात आहेत.

दुसरा प्रवाह बाहेर जाणारा आहे. ज्या शहराने शतकभर माणसे ओढून घेतली, ते आता पुण्याला आणि हैदराबादला माणसे देते. शिकलेला तरुण पुण्यात खोली घेतो, सणाला परततो. भवानी पेठेत असताना तो पद्मशाली, लिंगायत किंवा मराठा असतो; पुण्यात बोलीवरून आणि डब्यातल्या शेंगाचटणीवरून तो 'सोलापूरकर' ठरतो आणि काही दिवसांत स्वतःही तसे सांगू लागतो. प्रादेशिक ओळख घट्ट होण्यात या अंतराचा वाटा मोठा असतो. ज्या गाड्यांनी तो ये-जा करतो, त्यांपैकी पुण्याच्या गाडीचे नाव हुतात्मा एक्सप्रेस आहे आणि मुंबईच्या गाडीचे सिद्धेश्वर एक्सप्रेस.